तंबूच्या दारावर

मागच्या महिन्यात पुण्याला मुलीकडे गेलो होतो. नातवाने हट्ट धरला म्हणून शनिवारी सगळे मिळून सिनेमाला गेलो. हल्लीचं थिएटर म्हणजे काय विचारता! पायाखाली गालिचा, पाठ टेकायला आरामखुर्ची आणि गारठा असा की मी आपला मफलर गुंडाळून बसलो. सिनेमा सुरू होऊन दहा मिनिटं झाली नसतील, पडद्यापुढच्या मोकळ्या जागेत सहा-सात पोरांनी पकडापकडी सुरू केली. आईबाप कुठे होते देव जाणे. पोरांना इथे बसवून खालच्या दुकानांत गेले असावेत. काळा शर्ट घातलेला एक विशीतला मुलगा हातात बॅटरी घेऊन त्यांच्यामागे वाकून वाकून फिरत होता. एकाला बसवलं की दुसरा उठायचा. मागून लोक ओरडत होते ते पोरांवर नाही, त्या मुलावर!

जावईबापू वैतागले. मला मात्र त्या बॅटरीवाल्याचीच कीव आली. कारण १९७० ते १९७२ असे तीन उन्हाळे हेच काम मी केलेलं आहे.

आमच्या घरातल्या धाकट्या मंडळींना हे ठाऊक नाही. थोरल्यांना ठाऊक होतं, पण ते चारचौघांत सांगत नसत. पुढे मास्तरकी केलेल्या माणसाने कधीकाळी तंबूच्या दारावर तिकिटं फाडली होती, हे त्या काळी सांगण्यासारखं नव्हतं. आता पंचाहत्तरी आली, लाज वाटायचे दिवस सरले. म्हणून म्हटलं लिहूनच टाकावं.

पळसदेव आमचं गाव. पुणे-सोलापूर रस्त्यावर भिगवण सोडलं की इंदापूरच्या अलीकडे लागतं ते. पण आज रस्त्यावरून दिसतं ते नवं पळसदेव. मी ज्या गावात वाढलो ते भीमेच्या काठावर होतं आणि ते आता उजनीच्या पाण्याखाली आहे. धरणाचं काम १९६६ साली सुरू झालं आणि १९८० साली पुरं झालं. ११७ टीएमसीचा जलाशय! त्यात आमच्यासारखी कितीतरी गावं गेली. पळसनाथाचं जुनं देऊळ तेवढं, पाणी फार खाली गेलं की, वर येतं. २०२४ च्या उन्हाळ्यात धरण उणे पातळीत गेलं तेव्हा ते पुरतं उघडं पडलं होतं आणि पुण्या-मुंबईची माणसं बघायला आली होती. मीही गेलो होतो. सगळे शिखराचे फोटो काढत होते. मी मात्र देवळापासून पावलं मोजत तंबूची जागा शोधत होतो. गाळात काय सापडणार म्हणा!

आमच्या लहानपणी टुरिंग टॉकीज यायची ती दिवाळीनंतर. पाऊस संपला, सुगीचा पैसा हातात आला की मालक लोक गाडी बाहेर काढत. मग जत्रा-यात्रांच्या माग काढत काढत ज्येष्ठापर्यंत फिरत आणि मृगाचे ढग दिसले की तंबू गुंडाळत. चैत्रात शिखर शिंगणापूर, वैशाखात आमच्या तालुक्यातलं नीरा-नरसिंहपूर आणि मधल्या दिवसांत लहान गावं. मी कॉलेजात होतो. सुट्टीत शेतावर काम नव्हतं, कारण शेतात पाणीच नव्हतं. ओळखीच्या एकाने एका टुरिंगवाल्याकडे लावून दिलं. दोन वेळचं जेवण आणि महिन्याचा पगार. माझं काम दारावर तिकीट फाडायचं आणि खेळ सुरू झाला की आत ‘पोरांकडे बघायचं’. या दुसऱ्या कामाचं स्वरूप मालकांनी मला आधी सांगितलं नव्हतं.

हा तंबूचा धंदा आपल्याकडे सिनेमाच्या थिएटरांइतकाच जुना आहे, किंबहुना जास्तच. सुरतेचे अब्दुलअली युसूफअली १९०१ पासून तंबू आणि बायोस्कोप घेऊन फिरत होते. आधी ब्रह्मदेश, सिंगापूर, जावा-सुमात्रा आणि मग १९०८ पासून हिंदुस्थानभर. त्यांचा तंबू शंभर फूट लांब, पन्नास फूट रुंद, आणि त्यात हजार माणसं मावत असं लिहून ठेवलेलं आहे. (हेच गृहस्थ पुढे अर्देशीर इराणींचे भागीदार झाले. १९३१ साली ‘आलम आरा’ ज्या मॅजेस्टिकमध्ये लागला ते थिएटर या दोघांचं.) आमचे दादासाहेब फाळकेही आपले सिनेमे घेऊन गावोगाव हिंडले. त्यांचा पहिला सिनेमा १९१३ चा, त्यात रोहिदासाचं काम त्यांच्या मुलानेच केलं. आणि १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मधला खोडकर कृष्ण म्हणजे त्यांची मुलगी मंदाकिनी. मला याची नेहमी गंमत वाटते. पडद्यावर एक व्रात्य मूल गावाला सळो की पळो करून सोडतंय, सगळे हात जोडून बघतायत, आणि पडद्यापुढे वाळूत बसलेली व्रात्य मुलं तेच करायला लागली की डोअरकीपर छडी घेऊन धावतोय!

आता त्या पोरांविषयी. तंबूत एका बाजूला बायका, दुसऱ्या बाजूला पुरुष, मागे थोड्या खुर्च्या गावच्या पाटील-सरपंचांसाठी. आणि अगदी पुढे, पडद्याच्या पायाशी, पोरं. त्यांना तिथे कुणी बसवत नसे. आपोआप गोळा होत. लहान गावात निदान पोरगं कुणाचं ते माहीत असायचं. ‘तुझ्या बापाला सांगू का’ म्हटलं की काम भागायचं. जत्रेत तीही सोय नाही. बैलगाडीने वीस मैलांवरून आलेलं कुटुंब. आईला देवदर्शनाची रांग धरायची आहे, बापाला बैलबाजार बघायचा आहे. पोरांचं काय करायचं? तर तिकीट काढून तंबूत ढकलायचं. तीन तास निश्चिंती. तंबू म्हणजे सिनेमा कमी आणि पाळणाघर जास्त! एकदा एक बाई मला म्हणाल्या, “भाऊ, ह्या चौघांकडं ध्यान ठिवा, म्या आलेच.” आणि त्या आल्या दुसऱ्या खेळाला.

ही झाली तिकीटवाली. बिनतिकिटांची तऱ्हाच न्यारी. कनातीखालून सरपटत येणं हा त्यांचा हमरस्ता. वाळूत खुंट्या धरत नाहीत, कनात हलकेच उचलली की वीतभर फट होते, आणि वीतभर फटीतून आठ वर्षांचं पोर आरामात जातं. काही जण दारातूनच येत. गर्दीत एखाद्या लुगड्याचा पदर धरायचा आणि “आय, थांब की” म्हणत आत सटकायचं. त्या बाईलाही पत्ता नसायचा की आपल्याला एक लेकरू जास्त झालंय. मध्यंतरात बाहेर जाणाऱ्याच्या हातावर आम्ही शाईचा शिक्का मारायचो. तर एकाने बाहेर जाऊन आपला ओला शिक्का थुंकी लावून दुसऱ्याच्या हातावर दाबायचा. एका शिक्क्यावर चार-पाच जण आले की शेवटच्याच्या हातावर नुसता निळा डाग. “हा काय शिक्का आहे का रे?” “मामा, घाम आला वं!” हसू दाबून त्याला हाकलावं लागे. कधीकधी नाही हाकललं.

आत आल्यावर काय करत नसत ते विचारा. आमच्याकडे प्रोजेक्टर एकच. रीळ संपलं की खेळ थांबायचा, ऑपरेटर दुसरं चढवणार तोवर अंधार किंवा एक पिवळा दिवा. तेवढ्यात पोरं वाळू उडवत, एकमेकांच्या टोप्या पळवत, बायकांच्या बाजूला बेडूक सोडत. खेळ सुरू असताना प्रकाशाच्या झोतात हात घालून नटीच्या गालावर कुत्र्याचं तोंड काढत. तलवारीची मारामारी आली की पडद्यापुढेही मारामारी. १९७२ च्या उन्हाळ्यात आम्ही दादा कोंडक्यांचा ‘सोंगाड्या’ लावला तेव्हा तर माझ्या अंगावरचा शर्ट दोनदा फाटला. दुष्काळाचे ढग जमत होते, पण पोरं मात्र हसून हसून वाळूत लोळत होती.

पहिल्या उन्हाळ्यात मी छडी वापरली. उपयोग शून्य. मग आमच्या ऑपरेटरने युक्ती सांगितली. रीळ तुटलं की जोडताना दोन-चार चौकटी कापून टाकाव्या लागतात. ते तुकडे म्हणजे पोरांचा खजिना. फुटक्या बल्बमध्ये पाणी भरून, आरशाने ऊन पाडून भिंतीवर ‘सिनेमा’ दाखवायचा खेळ माझ्या वयाच्या वाचकांनी केलेला असणारच. मी खिशात तुकडे ठेवायला लागलो. जो सगळ्यात वांड, त्यालाच पुढच्या पोरांचा मुकादम करायचा आणि खेळ शांततेत संपला तर दोन तुकडे. नटाचा एक, नटीचा एक. मारामारीचा असेल तर एकच. माझं शिक्षणशास्त्र मी बी.एड.ला शिकलो नाही मंडळी, इथे शिकलो.

मालकांची चिंता वेगळी होती. त्यांना गोंगाटाचं काही वाटत नसे, त्यांना फुकटी पोरं खुपत. त्यातही नुसता तिकिटाचा प्रश्न नव्हता. १९२३ च्या कायद्याने करमणूक कर लागू झालेला, तो प्रत्येक तिकिटावर भरायचा. तपासणीला माणूस आला आणि आतली डोकी विकलेल्या तिकिटांपेक्षा जास्त भरली तर ‘पोरं कनातीखालून आली’ हे कोण ऐकून घेणार? शिवाय परवाना १९५३ च्या सिनेमा नियमन कायद्याखाली, तोही तात्पुरता, दरवेळी नवा. वाळूच्या बादल्या भरलेल्या हव्यात, प्रोजेक्टर प्रेक्षकांपासून लांब हवा, वाटा मोकळ्या हव्यात. ‘प्रौढांसाठी’ असा दाखला असलेला सिनेमा असेल तर अठराच्या आतला कुणी आत दिसता कामा नये, ती जबाबदारीही दारावरच्या पोऱ्याची. म्हणजे माझी! मी स्वतः तेव्हा विशीचा.

आता जे सांगायला बसलो ते सांगतो. १९७१ चा वैशाख. गावाचं नाव लिहीत नाही, टॉकीजचंही नाही. मालक वाईट माणूस नव्हता. जत्रेचा मोठा दिवस होता. आदल्या रात्री पन्नासेक पोरं फुकट शिरली असं मालकांनी स्वतः मोजलं होतं. दुपारी त्यांनी माझ्या हातात तारेचं भेंडोळं आणि पक्कड दिली. “कालिजवाले, पडद्याच्या अंगाची कनात आवळा. एक उंदीर आत येता कामा नये.” मी भर उन्हात तास-दीड तास खपलो. कनातीच्या कड्यांतून तार ओवली, लांब लोखंडी पहारी ठोकल्या, तार त्यांना पिळून घेतली. काम चोख झालं. मालकांनी उसाचा रस पाजला.

रात्रीच्या पहिल्या खेळाला तंबू गच्च भरला. दुसरं की तिसरं रीळ चालू होतं. बाहेर जनरेटरपाशी डिझेलच्या डब्याने पेट घेतला. मोठी आग नव्हती, नंतर तर ती दोन बादल्या वाळूत विझली. पण दिवे गेले, धूर आत आला आणि कुणीतरी ओरडलं, “तंबू पेटला!”

लोक मागे दाराकडे पळाले. दार मागे होतं ना! मी दारावरच होतो. मोठी माणसं माझ्या अंगावरून गेली म्हटलं तरी चालेल. आणि त्या क्षणी माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली. पोरं पुढे आहेत. दारापासून सगळ्यात लांब. आणि त्यांच्यामागची कनात मी तारेने शिवली आहे.

मी बाहेरून वळसा घालून पडद्याकडे धावलो. पक्कड कुठे ठेवली ते आठवेना. तारेचे पीळ हाताने उलगडायला लागलो. उलगडतात होय! आतून रडण्याचा, धक्क्यांचा आवाज येत होता, कनात माझ्या तोंडावर फुगत होती. आणि तेवढ्यात उजव्या हाताला, दहा-बारा पावलांवर, मला पोरं बाहेर पडताना दिसली. एकामागून एक, सरपटत, जशी रोज आत यायची तशीच. एका ठिकाणी तार सुटलेली होती. सुटलेली कसली, सोडलेली होती. आदल्या रात्री ज्याला मी कान धरून बाहेर काढलं होतं, तो दहा-अकरा वर्षांचा पोरगा तिथे कनात खांद्यावर उचलून धरून उभा होता आणि ओरडत होता, “हिकडनं, हिकडनं!” संध्याकाळी काळोख पडल्यावर त्याने ती तार सोडली होती, अर्थातच फुकट आत यायला.

कुणी दगावलं नाही. दाराकडच्या रेटारेटीत एका म्हाताऱ्याचा हात मोडला, बऱ्याच जणांना खरचटलं. तंबूला धग लागली नाही. दिवे आले, लोक शिव्या देत, हसत परत आले. आणि पडद्यापुढे वाळूत बघतो तर एक चार-पाच वर्षांची मुलगी गाढ झोपलेली. एवढ्या कल्लोळात तिला जागच आली नव्हती. तिच्या भोवतीची वाळू पायांनी तुडवलेली होती, अगदी डोक्यापासून हातभर अंतरापर्यंत. तिला सोबत करायला बसवलेला भाऊ फटीतून बाहेर गेला होता. तो थोड्या वेळाने रडत परत आला. त्यांचे आईबाप त्याच्याही नंतर बऱ्याच उशिरा आले. गुळभेंडी-रेवड्यांचा पुडा हातात, काय झालं याची वार्ताही नाही. मी त्यांना काही बोललो नाही. काय बोलणार? तार कुणी आवळली असं त्यांनी विचारलं असतं तर?

मालकांनी रातोरात उरलेली तार काढून टाकायला लावली. त्या विषयावर आम्ही दोघेही पुन्हा बोललो नाही. त्या पोराला मी खिशातले सगळे तुकडे दिले. तो म्हणाला, “उद्याच्याला तिकीट मागू नगा मंजी झालं.” नाही मागितलं.

ही गोष्ट माझ्यापुरती इथेच मिटली असती. पण पुढे शाळेत असताना, सुट्टीतल्या वाचनात, सिनेमागृहांच्या इतिहासावरचं काही हाती लागलं आणि मी हादरलो. स्कॉटलंडमधलं पेझली गाव. ३१ डिसेंबर १९२९ ची दुपार. मुलांसाठी स्वस्तातला खास खेळ, थिएटरात शेकडो मुलं, बहुतेकांबरोबर मोठं माणूस नाही. घरी नववर्षाची आवराआवर चालली होती, आयांनी पोरांना सिनेमाला पिटाळलं होतं. नुकत्याच दाखवून काढलेल्या रिळाचा डबा धुमसायला लागला आणि काळा धूर आत शिरला. त्या काळची फिल्म नायट्रेटची, भयंकर ज्वालाग्राही. आग अशी लागलीच नाही. पण मुलं पडद्यामागच्या वाटेकडे पळाली आणि तिथलं लोखंडी फाटक बंद होतं. ७१ मुलं गेली, धुराने आणि चेंगरून. मॅनेजरवर खटला झाला, त्यात वाद होता तो नेमका या फाटकाचा. फुकट्या पोरांना आत शिरता येऊ नये म्हणून ते बंद ठेवलं जात असे, असं तिथे पुढे आलं. मॅनेजर निर्दोष सुटला. मी ते पान मिटून बराच वेळ तसाच बसलो होतो. पेझलीच्या त्या फाटकाजवळ तार सोडणारा कुणी नव्हता, एवढाच फरक.

त्याच्याही आधी, १६ जून १८८३ ला, इंग्लंडमधल्या संडरलंडला हेच घडलं होतं. तिथे सिनेमा नव्हता, जादूचे प्रयोग होते. गॅलरीत हजाराच्या वर मुलं, सांभाळायला मोठी माणसं नावाला. शेवटी बक्षिसं वाटायला सुरुवात झाली आणि वरची मुलं जिन्याने खाली धावली. खालचं दार आतल्या बाजूला उघडणारं, आणि तेही एका वेळी एकच मूल जाईल एवढीच फट ठेवून खिट्टी घातलेलं. तिकिटं नीट तपासता यावीत म्हणून तसं केलं असावं असं म्हणतात. १८३ मुलं, तीन ते चौदा वर्षांची. बाहेरच्या दिशेला उघडणारी दारं, आणि नुसता रेटा दिला की उघडणारा आडवा दांडा, या गोष्टी जगात आल्या त्या या मुलांच्या जिवावर. आणि पेझलीनंतर ब्रिटनमध्ये नियम झाला की मुलांच्या खेळाला त्यांच्याकडे बघायला पुरेशी मोठी माणसं थिएटरवाल्याने नेमलीच पाहिजेत. म्हणजे ‘पोरांकडे बघायचं’ हे माझं काम, जे मी टिंगलीवारी नेत होतो, ते तिकडे कायद्यात लिहिलेलं होतं.

कॅनडातल्या मॉन्ट्रियलला दुसराच तोडगा काढला. १९२७ च्या जानेवारीत तिथल्या एका थिएटरात आग लागून ७८ मुलं गेली. तर पुढच्या वर्षी क्वेबेक प्रांताने सोळाच्या आतल्या मुलांना सिनेमागृहात बंदीच घातली आणि ती कित्येक दशकं टिकली. दार रुंद करण्यापेक्षा पोरांनाच बाहेर ठेवलं. मास्तर म्हणून मला हा तोडगा ओळखीचा वाटला. वर्गात दंगा होतो म्हणून खेळाचा तास रद्द करणारे मुख्याध्यापक मी पाहिले आहेत.

आपल्याकडचं काय सांगावं? हरियाणात डबवालीला २३ डिसेंबर १९९५ रोजी शाळेच्या समारंभात मांडव पेटला. चारशेहून अधिक माणसं गेली, त्यात निम्म्याहून जास्त मुलं. १३ जून १९९७ ला दिल्लीच्या उपहार थिएटरात ५९ गेले. तिथे बाल्कनीत बाहेर पडायच्या वाटेवर जादा खुर्च्या बसवलेल्या होत्या. खुर्चीमागे तिकीट, तिकिटामागे पैसा. आमच्या मालकांच्या तारेचंच मोठं भावंड. डबवालीची बातमी आली त्या आठवड्यात मी शाळेत भांडून एक गोष्ट करून घेतली होती. संमेलनाच्या मांडवाची मागची बाजू कनातीने बंद करायची नाही. सहकारी म्हणाले, “सर, गावातली पोरं फुकट नाटक बघतील.” म्हटलं, बघू देत. कारण काही सांगितलं नाही. लोकांना वाटलं म्हातारा हट्टी आहे. (तेव्हा मी पंचेचाळीसचा, पण मास्तर लवकर म्हातारे होतात.)

टुरिंग टॉकीजचं पुढे काय झालं ते बहुतेकांना माहीत आहे. ऐंशीनंतर दूरदर्शन खेड्यात आलं, मागोमाग व्हिडिओ आला, पोरं तंबूऐवजी शेजारच्या खिडकीला लोंबकळू लागली. जत्रांतून थोडे तंबू तग धरून राहिले. त्यांच्यावर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया या दोघांनी कित्येक वर्षं हिंडून ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ नावाचा माहितीपट केला, २०१६ साली कान महोत्सवात त्याचं कौतुक झालं. तंबूत बसलेल्या प्रेक्षकांचे मधेशियांनी काढलेले फोटोही फार गाजले. ते चेहरे मी बराच वेळ पाहिले. पडद्याच्या उजेडात डोळे विस्फारलेले, तोंड उघडं. मी तीन उन्हाळे त्यांच्याकडे पाठ करून उभा होतो, किंवा तोंड करून, पण ते दंगा कोण करतंय ते बघायला. त्यामुळे ते चेहरे असे दिसतात हे मला तेव्हा कळलंच नव्हतं.

असो. पुण्याच्या त्या थिएटराकडे वळतो. मध्यंतरात जावईबापू मक्याच्या लाह्या आणायला गेले (किंमत लिहीत नाही, रक्तदाब वाढतो) आणि मी हळूच त्या काळ्या शर्टवाल्या मुलाला गाठलं. म्हटलं, “बाळा, त्यातला सगळ्यात वांड कोण?” त्याने लाल टी-शर्टवाल्याकडे बोट केलं. “त्याच्या हातात तुझी बॅटरी दे आणि बाकीच्यांना बसवायचं काम सांग.” तो माझ्याकडे बघतच राहिला. “आजोबा, तुम्ही शिक्षक होता का?” “त्याच्या आधी डोअरकीपर होतो.” त्याला ते खरं वाटलं नसावं. बॅटरी त्याने दिली नाही, कंपनीची असते म्हणाला. पण लाल टी-शर्टवाल्याला दुसरं काहीतरी काम दिलं असावं, कारण मध्यंतरानंतर बरीच शांतता होती.

सिनेमा संपल्यावर सगळे आलो त्या दाराने निघाले. मी पडद्याशेजारच्या बाजूच्या दाराकडे गेलो. त्यावर तो आडवा दांडा होता. नातू म्हणाला, “आजोबा, तिकडून नाही जायचं.” मी दांडा हलकेच दाबला. दार बाहेर उघडलं, पलीकडे जिना होता, दिवा लागलेला होता आणि पायऱ्यांवर काही ठेवलेलं नव्हतं. काळ्या शर्टवाला धावत आला, “आजोबा, काही हवंय का?” म्हटलं, “नाही रे, बघितलं फक्त.”